पॉडकास्ट गुंफलेली किशोर रहस्यकादंबरी कशी रचावी: पहिल्यांदा लिहिणाऱ्यांसाठी

2014 मध्ये अमेरिकेत 'सीरियल' हा पॉडकास्ट आला. बाल्टिमोरमध्ये 1999 साली झालेल्या एका खुनाची पुन्हा चौकशी, एकेका भागातून. त्यानंतर जुन्या गुन्ह्यांवरच्या पॉडकास्टची लाट आली आणि इंग्रजी किशोर कादंबरीने ती लगेच उचलली. 2018 ची 'सेडी' ही कोर्टनी समर्स यांची कादंबरी या बांधणीचा ठळक नमुना आहे: एक प्रकरण पॉडकास्टच्या संहितेचं, पुढचं सेडी या मुलीच्या तोंडून. मराठीत हे करून पाहायला अजून भरपूर मोकळी जागा आहे.

नवशिक्यांचे बहुतेक खर्डे एकाच ठिकाणी रुततात. प्रकरणात घडलेलं पॉडकास्टमध्ये पुन्हा सांगितलं जातं. वाचक दोन एपिसोड सोसतो, तिसऱ्यापासून ती पानं उलटून पुढे जातो. एपिसोड प्रसारित होणं ही कथेतली एक घटना असली पाहिजे. तो कुणीतरी ऐकतं, आणि ऐकल्यामुळे काहीतरी करतं. खालच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती आहेत.

उदाहरण एकच ठेवू या. समजा, सांगली जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं एक तालुक्याचं गाव. ऑगस्ट 2019 चा महापूर. पाणी ओसरल्यावर शिकवणी घेणाऱ्या एका बाईंचा मृतदेह सापडतो, 'बुडून मृत्यू' अशी नोंद होते आणि विषय संपतो. मे 2025 मध्ये दहावीची परीक्षा दिलेली सोळा वर्षांची ऋता या मृत्यूवर पॉडकास्ट सुरू करते. गाव, बाई, ऋता सगळं काल्पनिक. पूर मात्र खरा.

जवळ काय काय हवं

- तक्त्यासाठी एक स्प्रेडशीट किंवा आडव्या रेघांची मोठी वही
- ज्या वर्षी घटना घडते त्या वर्षाचं कॅलेंडर: वार, तिथी, शाळेच्या सुट्ट्या
- त्या काळातल्या स्थानिक वर्तमानपत्रांची कात्रणं. तालुक्याच्या वाचनालयात जुने अंक बांधून ठेवलेले असतात
- व्हॉइस रेकॉर्डर असलेला साधा फोन आणि वायरचा इअरफोन
- ऑडॅसिटी, हे ध्वनिसंपादनाचं मोफत सॉफ्टवेअर
- कथेतल्या बोलीचा माणूस, जो तुमचे संवाद मोठ्याने वाचून दाखवेल
- सुरुवातीपासून युनिकोडमध्ये केलेलं टंकन

1. एपिसोड कोण ऐकतं ते आधी लिहा

कथानकाआधी श्रोत्यांची यादी करा. जगभरच्या अनोळखी श्रोत्यांचा इथे उपयोग नाही, गावातले पाच-सहा लागतात: बाईंचा भाऊ, जुना विद्यार्थी, पुराच्या वेळी नाव चालवणारा, घरमालक, ऋताची आई. प्रत्येक एपिसोडसमोर दोन रकाने भरा: 'हा ऐकून कोण हललं' आणि 'त्याने काय केलं'. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो एपिसोड काढून टाका किंवा त्यातली माहिती साध्या प्रकरणात घाला.

तालुक्याच्या गावात पॉडकास्ट ॲपमधून फार कमी ऐकला जातो. पोरं ऑडिओ फाइलच उचलून व्हॉट्सॲपवर टाकतात. म्हणून 'पहिल्याच एपिसोडला पन्नास हजार श्रोते' असलं काही लिहू नका, ते खोटं वाटतं आणि गरजेचंही नसतं. एकसष्ट जणांनी ऐकला आणि त्यातला एक घरमालक होता, एवढं पुरतं. फाइल गटांमध्ये फिरली की ऋताने एपिसोड काढून टाकला तरी तो गावात राहतोच. मागे घेतलेला एपिसोड हे या प्रकारातलं फार कामाचं हत्यार आहे. ऋता घाबरून तो काढते तेव्हा तिला काय दडवायचं होतं, हे उलट सगळ्यांना कळतं.

2. तीन तारखांचा तक्ता

साध्या रहस्यकथेत दोन काळ सांभाळावे लागतात: गुन्ह्याचा आणि तपासाचा. इथे तपासाचे पुन्हा दोन होतात. तेव्हा प्रत्येक एपिसोडसाठी तीन तारखा लिहा:

- ज्या प्रसंगाबद्दल बोललं जातं त्याची
- रेकॉर्डिंगची
- प्रसारणाची

रेकॉर्डिंग आणि प्रसारण यांमध्ये किमान तीन दिवस ठेवा. त्या फटीत कथा राहते. 18 मे रोजी ऋता घरमालकावर संशय घेऊन बोलते, 20 मे रोजी तिला कळतं की तो त्या आठवड्यात गावातच नव्हता आणि 21 मे रोजी एपिसोड आपोआप प्रसारित होतो, कारण तिने वेळ लावून ठेवली होती. वाचकाला सत्य माहीत, गावाला चूक माहीत. ताण आयता मिळतो.

घोटाळा नेहमी इथे होतो: एपिसोडमध्ये निवेदिकेला अशी गोष्ट माहीत असते जी तिला रेकॉर्डिंगनंतर कळली आहे. हे लेखकाच्या लक्षात येत नाही, चौदा वर्षांच्या वाचकाच्या मात्र हमखास येतं. खर्डा झाला की प्रत्येक एपिसोड फक्त याच एका प्रश्नासाठी वाचा.

महिनाही विचारपूर्वक निवडा. बारावीची मुलगी फेब्रुवारीत गावभर मुलाखती घेत फिरू शकत नाही, लेखी परीक्षा डोक्यावर असते. दहावीनंतरचा एप्रिल-मे सोन्यासारखा. निकाल, अकरावीचे प्रवेश आणि पहिला पाऊस हे तीन टप्पे कालमर्यादा म्हणून आपोआप मिळतात.

3. मापं

पहिल्या कादंबरीसाठी 40 ते 45 हजार शब्द पुरे. एक चालणारी वाटणी: 24 प्रकरणं, प्रत्येकी सुमारे 1500 शब्द, म्हणजे 36 हजार, आणि 8 एपिसोड, प्रत्येकी सुमारे 900, म्हणजे 7200. एकूण 43,200. एपिसोडचा वाटा पाचव्या हिश्शाच्या वर गेला की पुस्तक नाटकाच्या संहितेसारखं वाचलं जातं.

मराठीत सावकाश, समजेल असं बोलताना मिनिटाला साधारण 110 ते 120 शब्द होतात. म्हणजे 900 शब्दांचा एपिसोड आठ मिनिटांचा. ऋताचा एपिसोड पंचवीस मिनिटांचा आहे असं तुम्ही म्हणत असाल, तर छापलेला मजकूर हा त्यातला निवडक भाग आहे हे कुठेतरी दिसू द्या. वेळेच्या खुणांनी ते सहज होतं: 02:10 नंतर एकदम 09:45.

एपिसोड ठरावीक अंतराने पेरू नका. पहिले दोन लांब लांब, मग मध्ये एकदम तीन जवळजवळ, नंतर मोठी शांतता. निवेदिका गप्प बसते तेव्हा का बसली, हाही प्रश्न वाचकाला पडला पाहिजे.

4. एपिसोडचं पान

पान लिहिण्याआधी ठरवा: हे उतरवून कोण काढतंय? 'कुणीच नाही, लेखकच' असं उत्तर असेल तर अडचण आहे. कंसातल्या ध्वनिसूचना लिहिणारा माणूस जे ऐकतो तेच लिहितो. ऋताचा मित्र संपादन करतो आणि संहिताही तोच उतरवतो, असं केलंत तर त्याचे कान, त्याचे पूर्वग्रह आणि त्याने गाळलेल्या गोष्टी हे सगळं कथेचा भाग होतं. एक नमुना, गावातल्या एका मावशींच्या मुलाखतीचा:

एपिसोड 3. रेकॉर्डिंग 18 मे, प्रसारण 21 मे

[गॅलरी. लांबून पिठाची गिरणी.]

ऋता: मावशी, नाव नाही सांगितलंत तरी चालेल.

मावशी: नाव कशाला झाकायचं? सगळं गाव वळखतंय की मला.

ऋता: त्या रात्री मॅडमचा फोन आला होता?

मावशी: फोन न्हवं गं. त्ये बोलून पाठवत्यात त्ये. 'पाणी बोळात आलंय, मी वरच्या खोलीत हाय' म्हणून.

ऋता: किती वाजता?

मावशी: अंधार हुता बघ. लाईट जाऊन दोन दिस झालं हुतं. [भांडं पडल्याचा आवाज] आन् ह्ये नको घालूस त्यात.

ऋता: कुठलं?

[इथे 40 सेकंद काढले आहेत.]

यात वाचकाला किती मिळालं ते पाहा. निरोप व्हॉइस नोटचा होता, म्हणजे ती फाइल कुठेतरी असू शकते. वीज दोन दिवस नव्हती. आणि चाळीस सेकंद कुणीतरी काढले आहेत. ते चाळीस सेकंद काही प्रकरणांनंतर गद्यात उलगडायचे, तेही मित्राच्या फोनवर. काढलेला भाग किती लांबीचा होता हे लिहायला विसरू नका. 'काही भाग वगळला' यापेक्षा 40 हा आकडा वाचकाला जास्त छळतो.

'मी वरच्या खोलीत हाय' ही मावशींची बोली. बाई स्वतः प्रमाण मराठीत बोलणाऱ्या. मूळ नोट पुढे ऐकायला मिळेल तेव्हा शब्द वेगळे निघाले पाहिजेत, आणि त्या वेगळेपणात एखादा धागा लपवता येतो. मावशींनी ऐकलेला 'बोळ' मूळ नोटमध्ये आहे का?

एपिसोडच्या सुरुवातीचं ठरलेलं वाक्य पूर्ण एकदाच छापा, नंतर एका ओळीच्या सूचनेवर भागवा. पाचव्या एपिसोडला ते वाक्य बदललं, तरच पुन्हा पूर्ण छापा.

5. आवाजाचे पुरावे

खरा कस इथे लागतो. वाचकाला काहीच ऐकू येत नाही. म्हणून आवाजावरचा प्रत्येक पुरावा मजकुरात दोनदा यायला हवा: एकदा ध्वनिसूचनेत, सहज, आणि एकदा पूर्णपणे वेगळ्या निमित्ताने गद्यात. शेवटच्या प्रकरणात 'तेव्हा मागे ट्रेनचा भोंगा होता' असं पहिल्यांदाच सांगितलंत तर ती फसवणूक आहे.

काही पुरावे, जे आपल्याकडे खरोखर काम करतात:

*विजेची घरघर.* भारतात वीजपुरवठा 50 हर्ट्झचा आहे. जुन्या ट्यूबलाइटचा चोक, फ्रीज, ट्रान्सफॉर्मर यांची बारीक घरघर बहुधा त्याच्या दुपटीने, म्हणजे 100 हर्ट्झला ऐकू येते आणि रेकॉर्डिंगमध्ये उतरते. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या कंपनांचं चित्र, उघडला की खाली एक सरळ, न तुटणारी आडवी रेघ दिसते. आता मावशींचं वाक्य आठवा: लाईट जाऊन दोन दिवस झाले होते. आणि बाईंच्या नोटमध्ये मागे फ्रीज चालू आहे. म्हणजे नोट तेव्हाची नाही, किंवा त्या घरातली नाही. इन्व्हर्टरची पळवाट आधीच बुजवा: घरगुती इन्व्हर्टरवर लोक सहसा फ्रीज चालवत नाहीत, आणि स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर पंखा वेगळाच, जास्त कर्कश गुणगुणतो. त्यातून दोन दिवस वीज नसेल तर बॅटरी कधीच संपलेली असणार. हा सगळा हिशेब एखाद्या इलेक्ट्रिशियनच्या तोंडी, दुसऱ्याच कुठल्या कारणाने, पुस्तकाच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात येऊन गेला पाहिजे.

*पाण्याची पातळी.* सांगलीत आयर्विन पुलाची पातळी हा पुरातला सगळ्यांच्या तोंडचा आकडा. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं. नोटच्या पार्श्वभूमीला लाउडस्पीकरवर कुणी फूट सांगत असेल, तर त्या एका आकड्यावरून रेकॉर्डिंगचा दिवस, कदाचित वेळही ठरते. रोजचे आकडे त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रांतून घ्या, मनाने घालू नका. सांगलीचा वाचक ते विसरलेला नाही.

*पक्षी.* नर कोकीळ हिवाळ्यात सहसा गप्प असतो. पावशाची ओरड उन्हाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंतची. 'डिसेंबरातलं रेकॉर्डिंग' म्हणून आलेल्या फाइलमध्ये पावशा ओरडत असेल तर खोटेपणा उघड. हा धागा आजोबांच्या वयाच्या पात्राला द्या, मुलांना ते पटकन ओळखू येत नाही आणि तेच बरं.

*एसटीची घंटी.* एक टोला थांबण्याचा, दोन निघण्याचे. फोनवरचा माणूस 'घरीच आहे' म्हणतो आणि मागे डबल बेल वाजते. सोपा पुरावा, म्हणून पहिल्या एपिसोडसाठी ठेवा. वाचकाला कान लावायची सवय लागते.

*गावाचा भोंगा.* सांगली जिल्ह्यातल्याच मोहित्यांचे वडगावमध्ये 2022 पासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे असा गावाचा नियम आहे. तुमच्या काल्पनिक गावात असा काही ठरावीक वेळेचा आवाज असेल, तर संशयिताची वेळ तपासायला घड्याळ लागत नाही. फक्त एवढं: 2019 च्या रेकॉर्डिंगमध्ये 2022 ची प्रथा वाजवू नका.

एका पुस्तकाला असे दोन, फार तर तीन पुरावे पुरतात. पाच घातलेत तर ऋता प्रयोगशाळा वाटू लागते.

स्वयंचलित लिप्यंतराची चूकही पुरावा म्हणून वापरता येते. कुणी 'मळीत गेलो होतो' म्हणतं, म्हणजे नदीकाठच्या रानात. यंत्र 'माळी' असं उतरवतं आणि ऋता दोन प्रकरणं माळी आडनावाच्या माणसामागे लागते. चकवा एकदाच वापरा.

6. फोन आणि व्हॉट्सॲप: कालविसंगतीचं माहेरघर

2019 चा प्रसंग आजच्या फोनने लिहिला की हमखास गोंधळ होतो. काही तारखा तक्त्यात लिहून ठेवा:

- 'सगळ्यांसाठी डिलीट' ही सोय 2017 पासून आहे. 2019 मध्ये चालेल.
- आपोआप नाहीसे होणारे संदेश नोव्हेंबर 2020 मध्ये आले. 2019 मध्ये चालणार नाहीत.
- व्हॉइस नोट दीडपट-दुप्पट वेगाने ऐकणं 2021 पासून. 2019 च्या आठवणीत कुणी 'दोन-एक्सवर ऐकली' म्हणालं तर एक तर लेखक चुकला, किंवा पात्र खोटं बोलतंय. दुसरं मुद्दाम करता येतं.
- भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा 2018 पासून. अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकालाच पाठवता येतो, हे एप्रिल 2020 पासून.
- अँड्रॉइडवर बाहेरच्या ॲपने कॉल रेकॉर्ड करणं मे 2022 पासून गूगलने जवळपास बंद केलं. 2025 मध्ये ऋताला कॉल रेकॉर्ड करायचा तर फोनमधलीच सोय लागेल, आणि अनेक फोनवर ती 'रेकॉर्डिंग सुरू आहे' असं समोरच्याला ऐकवते. स्पीकरवर ठेवून दुसऱ्या फोनवर टिपणं हा पोरांचा खरा मार्ग. त्याचा आवाजही तसाच, डब्यातून आल्यासारखा लिहा.

नेटवर्क नसताना नोंदवलेली नोट घड्याळाचं चिन्ह दाखवत पाठवणाऱ्याच्या फोनवर पडून राहते आणि नेटवर्क आल्यावर जाते. तेव्हा नोट कधी बोलली गेली आणि कधी पोहोचली, या दोन वेगळ्या वेळा. फाइलच्या नावातली तारीख बघून ऋताने 'पुरावा मिळाला' असं म्हणू नये. म्हणालीच, तर पुढच्या एपिसोडला कुणीतरी तिला उघडं पाडावं.

आणि साधा प्रश्न: दोन दिवस वीज नाही, मग मावशींचा फोन चार्ज कुठे झाला? पुरात टॉवरचं डिझेल संपलं की नेटवर्कही जातं. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केला असेल तर तसं लिहा. हे प्रश्न तुम्ही विचारले नाहीत तर वाचक विचारेल.

7. पोलीस, कागद आणि कायदा

पुरात सापडलेल्या मृतदेहाची आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पोलिसांच्या बोलण्यात 'एडी'. गुन्हा दाखल झालेला नसतो, म्हणून एफआयआरही नसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या निर्देशानंतर एफआयआर संकेतस्थळावर टाकले जातात, संवेदनशील गुन्हे वगळून. ऋता तिथे शोधते आणि तिला काहीच मिळत नाही. हे 'काहीच न मिळणं' हा चांगला प्रसंग आहे.

माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तर महाराष्ट्रात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, साधारण 150 शब्दांची मर्यादा आणि उत्तराला 30 दिवस. म्हणजे 5 मेच्या अर्जाचं उत्तर जूनमध्ये. 'दुसऱ्या दिवशी कागद हातात' असं लिहिलंत की पुस्तक मिटलं जातं. अर्ज नाकारला तर 30 दिवसांत पहिलं अपील. अर्ज एखाद्या मोठ्या माणसाच्या, म्हणजे मामाच्या नाहीतर शेजारच्या वकीलबाईंच्या नावे करा. त्यातून एक मोठं पात्र कथेत ओढलं जातं आणि त्यालाही काहीतरी गमावण्यासारखं असतं.

कलमांत बहुतेक जण चुकतात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि खुनाचं कलम 302 चं 103 झालं. पण गुन्हा 2019 चा असेल, तर 2025 मध्ये दाखल होतानाही तो भारतीय दंड संहितेच्या 302 खालीच दाखल होतो. तपासाची प्रक्रिया मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे चालते. तुमच्या फौजदाराने बरोबर कलम सांगितलं की एका वाक्यात तो खरा वाटतो.

कथेत अल्पवयीन पीडित किंवा साक्षीदार असेल तर बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 74 पाहा: बालकाची ओळख उघड होईल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो काहीही प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लैंगिक गुन्हा असेल तर पोक्सो कायदाही लागतो. पॉडकास्ट करणारी मुलं हे नकळत मोडतात. ऋताने मोडलं तर तिला कुणीतरी थांबवायला हवं. कादंबरीने तिचं कौतुक करून पुढे जाऊ नये. वाचक तेरा-चौदा वर्षांचे आहेत, आणि त्यांच्या हातात तोच फोन आहे.

महापुरासारखी खरी आपत्ती घेताना तिच्यात गेलेल्या खऱ्या माणसांच्या कहाण्या, ओळखू येतील अशा, उचलू नका. गाव काल्पनिक ठेवा, नदी आणि पाण्याची पातळी खरी ठेवा.

8. माइकवरची आणि घरातली भाषा

माइकसमोर ऋता पुणेरी होते: 'नमस्कार, मी ऋता'. रेकॉर्डिंग थांबलं की 'आई, काय कराय लागलीस गं'. हा बदल कादंबरीभर टिकवा आणि एका नाजूक क्षणी मोडा. माइक चालू असताना तिच्या तोंडून घरची बोली निसटते, तेव्हा ती घाबरली आहे हे सांगायला विशेषण लागत नाही.

बोली लिहिताना प्रत्येक शब्द वाकडा करू नका. क्रियापदांचे शेवट आणि चार-पाच नेहमीचे शब्द पुरतात. वऱ्हाडी, मालवणी, कोल्हापुरी यांची भेळ तर बिलकूल नको. सांगलीच्या मावशी 'काहून' म्हणणार नाहीत.

कोण कुणाला काय म्हणतं तेही लिहून ठेवा. गावात सोळा वर्षांची पोरगी हवालदाराला 'काका' किंवा 'साहेब' म्हणते, नावाने हाक मारत नाही. बाईंना विद्यार्थी 'मॅडम' म्हणतात, मावशीही 'मॅडम'च म्हणतात. 'ताई' म्हणणारा एकच माणूस असेल तर वाचकाने त्याच्याकडे वळून पाहिलं पाहिजे.

9. दोन एपिसोड खरोखर रेकॉर्ड करा

प्रसिद्ध करण्यासाठी नव्हे, तपासण्यासाठी. गाद्या-गोधड्या असलेल्या खोलीत फोन तोंडापासून वीतभर लांब, किंचित बाजूला ठेवा. समोर धरला तर 'प' आणि 'फ' फुटतात. पंखा बंद. एक माणूस ऋता, एक मावशी. वाचताना जिथे जीभ अडखळते ती वाक्यं लिहिलेली आहेत, बोललेली नाहीत. तिथे पेन्सिलने खूण करा.

पुस्तकासोबत खरे एपिसोड द्यायचा मोह होतो. द्या, पण रहस्य उलगडायला ते ऐकणं गरजेचं ठेवू नका. क्यूआर कोडमागचा दुवा कधीतरी मरतो, पुस्तक वाचनालयात वीस वर्षं राहतं. देणारच असाल तर एकाच मार्गिकेवर, म्हणजे मोनोत, उणे 19 लफ्सच्या (LUFS, आवाजाच्या जोराचं माप) आसपास आवाज बसवा. आणि मुखचित्र चौरस, 3000 गुणिले 3000 पिक्सेलचं ठेवा.

10. छपाईला देण्याआधी

एपिसोड वेगळे दिसावेत म्हणून तिरपी अक्षरं वापरू नका. देवनागरी फाँटात खरी तिरपी घडण क्वचितच असते. यंत्राने वाकवलेली अक्षरं डोळ्यांना त्रास देतात. एक पॉइंट लहान अक्षर, डावीकडे जादा समास आणि बोलणाऱ्याचं नाव ठळक, एवढ्यावर काम भागतं. ध्वनिसूचना सगळीकडे एकाच प्रकारच्या चौकोनी कंसात.

बऱ्याच ठिकाणी जुळणी अजूनही श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये होते. युनिकोडमधून तिकडे जाताना कंस, रेघा, रफार आणि आकडे हमखास बिघडतात. साध्या कादंबरीत ते खपून जातं. तुमच्या कादंबरीत 02:10 चं 02.10 झालं किंवा एक चौकोनी कंस गळला, तर पुरावाच गेला. म्हणून वेळा, तारखा आणि ध्वनिसूचना यांची वेगळी यादी करा आणि मुद्रितं तपासताना ती ओळीने ताडून पाहा.

चाचणीसाठी सहा वाचक शोधा, सगळे तेरा ते सतरा वयाचे. दोघांना फक्त एपिसोड द्या. त्यांनी गुन्हेगार ओळखला तर पुरावे फार उघडे आहेत. दोघांना फक्त गद्य प्रकरणं द्या. त्यांना कथा पूर्ण कळली आणि काही चुकल्यासारखं वाटलं नाही, तर एपिसोड शोभेचे आहेत; पुन्हा पायरी 1. उरलेल्या दोघांना सगळं द्या आणि चौथ्या एपिसोडनंतर थांबवून विचारा: आता गावात कोण घाबरलं असेल? उत्तरं कागदावर लिहून घ्या, तोंडी घेतलीत तर दुसरा पहिल्याचंच म्हणणं पुढे ओढतो.